सदतीस भोकं

होडी ताब्यात आली त्या दिवशी मी सगळ्यात आधी भोकं मोजली. केबिनच्या पुढच्या आडव्या भिंतीवर, म्हणजे बल्कहेडवर, ३७. काही टाचणीएवढी, काही पेन्सिल शिरेल इतकी. काहींत स्क्रूचा गंजका तुकडा तसाच मोडून राहिलेला, काहींच्या भोवती व्हार्निश काळवंडून डाग फुललेला. आधीचा मालक जाऊन काही वर्षं झाली होती. होडी त्याच्या घरच्यांनी विकली आणि त्यांच्यापैकी कोणालाच शिडात रस नव्हता, म्हणजे विचारायला कोणी नाही. मी फोनवर त्या भिंतीचा एक फोटो काढला. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवून मिरवायचं, एवढाच हेतू. ही चाळणी बुजवायची हे तिथेच ठरलं.

होडी ७.५ मीटरची. ऐकायला बरी वाटते, पण नाळेकडचं, म्हणजे पुढचं, टोक निमुळतं होत जातं आणि मागचा भाग सुकाणू धरून उघड्यावर बसण्याचा. केबिन म्हणून जे उरतं त्यात उभं राहता येत नाही. बसलं तर डोकं छताला लागत नाही, एवढीच चैन. दोन बाजूंना दोन बाक, रात्री तेच बर्थ. शिडीच्या पायथ्याशी एका बाजूला स्टोव्ह आणि बेसिन, दुसऱ्या बाजूला नकाशा पसरण्याची फळी. बल्कहेडच्या पलीकडे नाळेत आणखी एक त्रिकोणी बिछाना, ज्यावर पाय एकत्र जुळवूनच झोपावं लागतं. सर्ज टेस्टा नावाच्या माणसाने १९८४ ते १९८७ या काळात जेमतेम ३.६ मीटरच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, हे ठाऊक असल्यामुळे जागेबद्दल कुरकुर करायची सोय नव्हती.

घरात मी बरीच हातकामं केलेली आहेत. फळ्या ठोकल्या, दारं बसवली. त्यामुळे पाणसळ, गुण्या आणि ओळंबा घेऊन रुबाबात आत उतरले, आणि संध्याकाळी तिन्ही मुकाट्याने पिशवीत परत गेले. होडीत काटकोन नसतो. बाजूची भिंत खाली जाताना आत वळते, पुढे जाताना आत वळते, आणि ही दोन्ही वळणं एकाच जागी येऊन मिळतात. पाणसळीचं तर विचारूच नका. किनाऱ्यावर टेकू लावून उभी केलेली होडी जराशी नाकावर झुकलेली असली, की पाणसळीने सरळ ठरवलेली फळी पाण्यात उतरल्यावर तिरकी निघते. आणि होडी पाण्यावर असताना तुम्ही नुसते या बाकावरून त्या बाकावर सरकलात तरी आतला बुडबुडा पळत सुटतो.

मग एक जुनी युक्ती कामाला आली. टाकाऊ प्लायच्या अरुंद पट्ट्या घ्यायच्या, त्यांची टोकं वळणाला टेकवत टेकवत गरम गोंदाने एकमेकींना चिकटवत जायचं. थोड्या वेळात त्या कोपऱ्याचा एक वेडावाकडा सांगाडा तयार होतो. तो बाहेर आणून कोऱ्या फळीवर ठेवायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. आकड्याचा कुठे संबंधच नाही. नऊ फळ्या मी अशा कापल्या, त्यातल्या एकीचंही माप आज मला सांगता येणार नाही, आणि बसल्या मात्र सगळ्या.

पण हे झालं नंतरचं. आधी उपटण्याचं काम होतं. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ फायबरग्लास होड्यांत छताला आणि बाजूंना व्हिनाइलचा कापडासारखा थर लावलेला असतो, मागे पातळ फोम चिकटवलेला. दिसायला मऊ, आणि फायबरग्लासचा खडबडीतपणा झाकायला सोयीचा. त्या फोमला पन्नास वर्षं जगायचं आहे असं मात्र कोणी गृहीत धरलेलं नसतं. मी एक कोपरा धरून ओढला. व्हिनाइल अलगद निघून आलं आणि मागचा फोम, जो आता फोम उरलेला नव्हता, तो केशरी भुकटी होऊन माझ्या डोक्यावर, चष्म्यावर, बाह्यांत कोसळला. भुकटी म्हणावी तर चिकट, चिकट म्हणावी तर उडणारी. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं. मग चार दिवस तारेच्या ब्रशने ती छतावरून खरवडत होते, आडवी पडून, नाक छतापासून वीतभर अंतरावर. देवळातल्या कळसाच्या आतून शेंदूर खरवडत बसावं तसं. रात्री आंघोळीचं पाणी केशरी व्हायचं. त्या चार दिवसांत आधीच्या मालकाला मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा त्यात काही दोषही नव्हता. व्हिनाइल त्याच्याही आधीचं.

उपटून झाल्यावर होडी आतून पहिल्यांदा खरी दिसली आणि तिचं गळणंही दिसलं.

एरवी शिडाची होडी म्हणजे पाण्यात ठेवलेलं आणि नंतर जागोजाग भोकं पाडलेलं भांडं. डेकवर रेलिंगचे पाय, दोर अडकवायचे खुंट, खिडक्या, हाताला धरायच्या कड्या, प्रत्येक वस्तूला चार-सहा बोल्ट आणि प्रत्येक बोल्टला एक भोक. गळती शोधताना माणसाचा डोळा त्याला फसवतो, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडेच. वरच्या भोकातून उतरलेला थेंब थराच्या मागून मीटरभर वाट काढत जातो आणि एखाद्या निरपराध स्क्रूच्या टोकावर येऊन लोंबतो. त्या स्क्रूला तुम्ही तीनदा सीलंट लावता आणि थेंब आपला तिथेच. शेवटी मी जिभेवर आले. बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाशी सगळं पाणी जिथे साचतं त्या खळग्यात, बोट बुडवायचं आणि चाखायचं. खारट असेल तर समुद्र, गोड असेल तर पाऊस नाहीतर पिण्याची टाकी. (बिल्जमध्ये पाण्याखेरीज आणखी काय काय साचतं याचा विचार चाखण्याआधी करू नये.) माझं पाणी गोड निघालं. मग संशय असलेल्या प्रत्येक बोल्टखाली टाल्कम पावडर शिंपडून ठेवली आणि एक जोराचा पाऊस होऊ दिला. सकाळी पावडरीवर ओघळांच्या रेषा अशा स्पष्ट उठल्या होत्या, की चोराने नाव-पत्ता लिहून ठेवावा.

मुख्य चोर निघाली ती चेनप्लेट. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा डेकमधून खाली जाणाऱ्या एका धातूच्या पट्टीला बांधलेल्या असतात, आणि ती पट्टी आत बल्कहेडला बोल्ट केलेली असते. वाऱ्याची बाजू बदलली की एका बाजूची तार ताणते, दुसरीकडची ढिली पडते. पट्टी दर वेळी केसभर हलते आणि तिच्या भोवतीचं सीलंट प्रत्येक हलण्याला थोडं थोडं सुटत जातं. स्टेनलेस स्टील असलं म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. त्याच्यावरचा न गंजण्याचा पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो, आणि डेकच्या जाडीत, ओल्या अंधारात तो मिळत नाही. वरून चकचकीत, खालून चकचकीत, आणि मधे जिथे कोणी पाहू शकत नाही तिथे चिरा. माझी डावी पट्टी काढली तेव्हा मधोमध तपकिरी रेघ होती. नखाने खरवडली, तर नख अडकलं. ती पट्टी मी टाकली नाही, खिळ्याला टांगून ठेवली आहे.

डेकही नुसतं फायबरग्लासचं नव्हतं. वर एक कातडी, खाली एक कातडी आणि मधे बाल्सा नावाचं हलकं लाकूड. बोल्टच्या भोकातून पाणी त्या बाल्सात शिरलं की लाकडाचा चोथा होतो, आणि पाऊल ठेवलं की डेक जरासं दबतं. इलाज किचकट असला तरी समाधान देणारा आहे. भोकाच्या आत, दोन कातड्यांच्या मधला सडका बाल्सा वाकवलेला खिळा ड्रिलला लावून कोरून काढायचा, ती पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायची, आणि वाळल्यावर त्या दगडासारख्या गोळ्यातून नवं भोक पाडायचं. आता पाणी आलंच तरी लाकडाला भेटत नाही. भोकाचं तोंड वरून किंचित पसरट करायचं, त्यात ब्यूटाइल टेपची, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टीची, वळी करून भरायची आणि बोल्ट एका दमात आवळायचा नाही. आज थोडा, उद्या थोडा, परवा थोडा, टेप कडेने बाहेर येत राहील तोवर. असे मी ६४ बोल्ट बसवले. एकेक बोल्ट आवळताना वर एक माणूस आणि खाली एक माणूस लागतो. वर मी, खाली माझा धाकटा भाऊ, आणि मधे डेकची जाडी. तीन आठवडे आम्ही एकमेकांशी ‘धर’, ‘सोड’ आणि ‘अगं ताई, दुसरा!’ याखेरीज काही बोललो नाही.

जलरेषेखालच्या भोकांबद्दल थोडक्यात. बेसिनचं पाणी बाहेर जाण्यासाठी एक, आणखी दोन जुनी. २५ मिलिमीटरचं भोक पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर उघडं पडलं, तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. हा हिशेब एकदा कागदावर केला की त्या भोकांकडे पाहण्याची नजर बदलते. एक झडप साध्या पितळेची निघाली. खारं पाणी पितळेतलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं आणि मागे गुलाबी, भुसभुशीत तांबं उरतं. हातोडीने हलकंसं टिचकावलं तर ठण्ण न होता ठप्प झालं. दोन जुनी भोकं फायबरग्लासचे थर चढवून कायमची बंद केली, उरलेल्याला कांस्याची झडप बसवली, आणि तिच्या मानेला मऊ लाकडाची एक निमुळती मेख दोरीने बांधून ठेवली. बाकी सगळं फसलं तर ठोकायला.

खरी गळती पुढे कळली, जिला भोक लागतच नाही. पहिल्या थंड रात्री आम्ही दोघं आत झोपलो आणि पहाटे माझ्या कपाळावर थेंब पडला. पाऊस नव्हता. पाणी आमचंच होतं. झोपलेला माणूस रात्रभर श्वासातून आणि कातडीतून पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो, आणि ते थंड फायबरग्लासवर जाऊन बसतं. त्यात आमचा स्टोव्ह स्पिरिटचा. लिटरभर स्पिरिट जळलं की ९०० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत येतं. म्हणजे चहा करायचा तर केबिनमध्ये आधी ढग तयार करायचा. ज्या व्हिनाइलला मी चार दिवस शिव्या दिल्या, त्याचं खरं काम दिसणं नव्हतंच, ते होडीचं अस्तर होतं. मग बाजूंना बंद पेशींच्या फोमचे पत्रे चिकटवले, त्यांच्यावर पातळ लाकडी पट्ट्या. गाद्यांखालच्या फळ्या काढून जाळीदार पट्ट्यांची चौकट बसवली, कारण गादीच्या पोटाखाली ओल धरली की आठवड्यात काळे ठिपके उठतात. आणि दोन वायुछिद्रं केली, एक पुढे, एक मागे. गळती थांबवायला ६४ भोकं बंद केली आणि कोरडं राहायला दोन नवी पाडली.

आता बल्कहेड. ही भिंत म्हणजे नुसता पडदा असतो असं मला वाटायचं. आमच्या होडीत डोलकाठी डेकवर उभी आहे, त्यामुळे तिचा सगळा भार या भिंतीच्या कडेने तळापर्यंत उतरतो, आणि ज्या तारा डोलकाठीला खाली ओढतात त्या याच भिंतीला वर ओढत असतात. भिंतीची कड होडीच्या अंगाला फायबरग्लासच्या पट्ट्यांनी जखडलेली असते, आणि त्या पट्ट्या सुटल्या की होडी वाऱ्यात श्वास घेतल्यासारखी हलू लागते. १९६८ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटाच, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. दक्षिणेच्या वादळी समुद्रात त्याची ‘सुहैली’ एका रात्री आडवी झाली आणि नंतर पाहिलं तर केबिनची आख्खी पेटी डेकवर किंचित सरकलेली. पुढचे महिने तो त्या फटींकडे बघत राहिला असणार. मी पट्ट्यांवर टिचक्या मारत सगळी कड तपासली. दोन ठिकाणी पोकळ वाजली, ती घासून नव्याने बांधली.

आणि मग भोकं. या कामाला मी मुद्दाम सगळ्यात शेवटी, बक्षिसासारखं ठेवलं होतं. मोडके स्क्रू काढले, कडा साफ केल्या, इपॉक्सीची पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. हात फिरवला की बोटाला काहीच लागू नये इतकं. मग मलईसारखा पांढरा रंग, तीन हात. वर सागाची बारीक कड. भिंत अशी झाली, की होडी मोठी वाटायला लागली. आधी तिथे बिजागऱ्यांवर लटकणारं एक फडताळासारखं मेज होतं, कडा फुगलेलं. ते काढून मी मधोमध पक्कं, नेटकं मेज बसवलं, चौकोनी. एका बर्थच्या गादीखाली मळकट कॅनव्हासचा एक झोळीसारखा तुकडा सापडला होता, दोन कोपऱ्यांना दोऱ्या. त्याने मी बिल्ज पुसलं.

भाऊ आत आला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, घरासारखं दिसतंय गं.”

मी खूश झाले. तेव्हा.

विजेचं काम त्याचं. कथिलाचा मुलामा दिलेली तार, सांधे डाख न देता दाबून केलेले, बॅटरीच्या अगदी जवळ मुख्य फ्यूज, आणि दोन दिवे असे की बटण फिरवलं की लाल होतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाची एक झलक ते सगळं पुसून टाकते. लाल उजेडात ते बरंच टिकतं. मात्र लाल उजेडात नकाशावर लाल पेनाने केलेली खूण दिसेनाशी होते, हे आम्हाला स्वतःच्या खुणा हरवल्यावर समजलं. सागरी नकाशांवर इतक्या गोष्टी किरमिजी रंगात का छापतात, तेही त्याच रात्री कळलं. दोन सुरेख स्पीकर त्याने हौसेने मागच्या भिंतीत बसवले. त्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला होकायंत्र. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. पुढचं सांगत नाही, भाऊ हे वाचणार आहे.

स्टोव्ह स्पिरिटचा घेतला तो गॅसच्या भीतीने. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखालून निघून तरी जाईल, होडीत तो बिल्जमध्ये उतरून पाण्यासारखा साचून राहतो आणि ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर केबिनच्या बाहेर, तळाशी समुद्राकडे उघडणारी नळी असलेल्या वेगळ्या पेटीत ठेवायचा असतो, आणि तेवढी जागा आमच्याकडे नव्हती. स्पिरिटची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, हा त्याचा दुर्गुण. तो सांभाळायचा. स्टोव्हला दोन कानांवर झुलवणारी चौकट केली. होडी कलली तरी पातेलं सपाट राहतं. झुलत्या कड्यांची ही कल्पना फार जुनी, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या फिलो नावाच्या ग्रीक अभियंत्याच्या नावावर एक दौत सांगतात, कशीही फिरवली तरी न सांडणारी. पहिल्यांदा चहा उकळत असताना सगळी केबिन त्या पातेल्याभोवती डोलत होती आणि चहा जागचा हलत नव्हता. मी चहा विसरून बघत बसले.

स्टोव्हच्या शेजारी, हाताशी, आग विझवायचं नळकांडं लावलं. शहाणपणाने.

मग होडी पाण्यात गेली. सामान भरलं तशी ती बसत गेली. आमच्या होडीचं जलरेषेवरचं क्षेत्रफळ साधारण ९ चौरस मीटर, म्हणजे दर ९० किलोला ती एक सेंटिमीटर खाली जाते. माझं सागाचं पक्कं मेज किती मिलिमीटरचं आहे याचा हिशेब भावाने न विचारता करून दिला.

महिन्याभराने आम्ही पहिल्यांदा रात्रभराच्या पल्ल्याला निघालो. मध्यरात्रीनंतर वारा चढला. भाऊ सुकाणूवर होता, मी कोरडे कपडे आणायला खाली उतरले. होडी वीसेक अंशांत कललेली, आणि अधूनमधून एखाद्या लाटेवरून घसरून आणखी कलायची. खलाशांचं जुनं सांगणं आहे, एक हात स्वतःसाठी, एक हात होडीसाठी. शिडीपासून बल्कहेडपर्यंत तीन पावलं. दुसऱ्या पावलाला लाट आली. माझा हात आपसूक पुढे गेला, खांद्याच्या उंचीवर, किंचित उजवीकडे. तिथे भिंत होती. मऊ, मलईसारखी, बोटाला काहीच न लागणारी भिंत. हात तिच्यावरून सरकत गेला आणि मी मेजाच्या कोपऱ्यावर कंबरेने आदळले.

जखम काही विशेष नाही, पण काळंनिळं झालेलं ते पुढे पंधरा दिवस होतं. मी जमिनीवरच बसले, बाकाला पाठ लावून, कारण बाकावर बसणं शक्य नव्हतं. बर्थवर पडून पाहिलं तर होडी कललेल्या बाजूने मला खाली ओतत होती. वरून भाऊ ओरडत होता, “ताई, लागलं का गं?” मी म्हटलं, नाही. आणि डोळ्यांत पाणी होतं ते दुखण्याचं कमी आणि कसलं तरी वेगळंच जास्त. माझा हात जिथे गेला होता ती जागा मला ओळखीची वाटत होती. मी ती घासली होती. तीन वेळा.

सकाळी वारा पडल्यावर फोनमधला तो फोटो काढला. मिरवण्यासाठी काढलेला.

खांद्याच्या उंचीवर, उजवीकडे, चार जाड भोकं, दोन-दोनच्या जोड्यांत, अंतर हातभर. कडी. धरायची कडी होती तिथे. मग बाकीचीही एकेक बोलायला लागली. वर तीन, दिव्याची. त्यांच्या डावीकडे तीन आणि तीन, दोन वर्तुळं, घड्याळ आणि वायुभारमापक, कारण वारा चढायच्या आधी काटा किती वेळात किती उतरला हे दोन्ही एकत्र पाहिल्याखेरीज कळत नाही. खाली ओळीने बारा, मेजाच्या बिजागऱ्यांची, आणि वर दोन, मेज मिटून भिंतीला अडकवायच्या खिट्टीची. म्हणजे निघालं की त्याचं मेज नाहीसं व्हायचं, आणि आदळायला कोपराच उरत नसे. दोन्ही बर्थच्या डोक्याशी एकेक जाड भोक, डोक्याला कडी असलेल्या बोल्टचं. दोरी बांधायला. झोळीची दोरी. ज्याने मी बिल्ज पुसलं ते कापड बर्थच्या कडेला ताणून बांधायचं असतं, म्हणजे होडी कितीही कलली तरी झोपलेला माणूस त्यात पडून राहतो.

आणि दाराशी, नाळेकडच्या बाजूला, खाली तीन. यांच्यापाशी मी बराच वेळ अडले. मग आठवलं की तिथल्या रंगावर एक उभट, लांबट, न उन्हावलेला पट्टा होता. नळकांडं. आग विझवायचं. त्याने ते स्टोव्हपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब ठेवलं होतं. स्टोव्ह शिडीपाशी, म्हणजे बाहेर जायच्या वाटेवर. पेट घेतला तर आत झोपलेला माणूस आगीच्या पलीकडे अडकतो, आणि माझं शहाणं नळकांडं आगीच्या अलीकडे, ज्वाळांच्या शेजारी लटकलेलं.

तीन भोकं चुकीची होती. एक पाडलं, ते चुकलं, शेजारी दुसरं, तेही, मग तिसरं, आणि मग बरोबर जागी कडीचं. ती पाहून मला फार बरं वाटलं.

पस्तीस झाली. दोन राहिली. उजव्या बर्थच्या उशाच्या वर, अगदी बारीक, चारेक सेंटिमीटर अंतरावर. एवढ्याशा स्क्रूंवर काही वजन टांगता येणार नाही. पुस्तकाची फळी नाही, कपड्याचा हूक नाही. भाऊ म्हणाला फोटो असेल कोणाचा तरी. असेल.

पुढच्या वेळी किनाऱ्याला लागल्यावर मी फोटो छापून भिंतीला चिकटवला आणि त्याच्यावरूनच खुणा केल्या. तीन हात दिलेल्या रंगात ड्रिलचं टोक शिरताना मन घट्ट करावं लागलं. पांढरी भुकटी, मग इपॉक्सीची करडी, मग जुन्या लाकडाची तांबूस. कडी बसली. बिजागऱ्या बसल्या, पक्कं मेज गेलं, सागाची कड वाया जाऊ नये म्हणून तिच्यातून नव्या घडीच्या मेजाला चार बोटं उंच काठ केला, की कप सरकून खाली येऊ नये. नळकांडं दाराशी गेलं. कॅनव्हास धुतला, पण बिल्जचा वास काही गेला नाही, तेव्हा त्याच मापाची नवी झोळी शिवली. रंग सगळीकडे उडाला आणि भिंत पुन्हा घरासारखी दिसेनाशी झाली.

१९६० साली ब्लाँडी हॅसलर ‘जेस्टर’ नावाच्या ७.६ मीटरच्या होडीतून एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला, ४८ दिवसांत. त्याने कॉकपिट, म्हणजे सुकाणू धरून बसायची उघडी जागा, बंद करून टाकलं होतं आणि शिडाचे सगळे दोर छतातल्या एका गोल झाकणापाशी आणले होते, म्हणजे अर्धं अंग केबिनमध्ये ठेवूनच होडी चालवता यावी. त्या होडीचं चित्र पाहताना मला पूर्वी ती विक्षिप्तपणाची कमाल वाटायची. आता मी तिच्यात त्याच्या हाताची लांबी शोधते.

दोन महिन्यांपूर्वी, पुन्हा एक रात्र. भावाची पाळी वर, माझी झोप खाली. उजवीकडून वारा, मी उजव्या बर्थवर, झोळीत छान अडकून. वाचता वाचता डोळे मिटायला लागले. दिवा लाल केला, पुस्तक गादीत खुपसलं, चष्मा काढला आणि तो हातात धरून तशीच थांबले. बाकावर ठेवला तर घसरेल, उशीखाली ठेवला तर मोडेल, आणि हाक आली तर दोन सेकंदांत, अंधारात, न चाचपता सापडायला हवा. हात आपसूक वर गेला, उशाच्या वर, भिंतीकडे.

बोटाला काहीच लागलं नाही. दोन्ही मी बुजवलेली होती.

चष्मा छातीवर ठेवून मी तशीच झोपले. सकाळी पेटीतून तीन मिलिमीटरचं टोक काढलं.